एक घर उजवीकडे

(घाटंजी तालुक्यातलं एक गाव. वेचणीचे दिवस, कलती संध्याकाळ. नलू कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर कम्प्युटर ऑपरेटरच्या जागेसाठी परीक्षा देऊन आत्ताच आली आहे. तिचा नवरा भीमराज खाटेवर बसला आहे.)

नलू : …मंग त्या मॅनेजरनं माहा कागद वर धरला आन् सगळ्याईले वाचून दाखवला.

भीमराज : मोठ्यानं?

नलू : मोठ्यानं. हमाल खिडकीत उभे राहून ऐकून राह्यलते.

भीमराज : थांब. बस आधी. पाय धुतले का तू? कापसाचा वास नाई येऊन राह्यला आज तुह्या आंगाले, म्हून वळखताच येत नाई कुठं उभी हायस.

नलू : दारात.

भीमराज : आत ये. सुरुवातीपासून सांग. मोठा कम्प्युटर होता का लॅपटॉप?

नलू : लॅपटॉप. झाकण उघडलं तं आतून उजेड आला, जसा सकाळी पाणी भराले जाताना विहिरीत दिसते. मले बरं वाटलं पाहून. तेवढंच बरं वाटलं.

भीमराज : त्याचे बटनं चपटे असते. सवय लागते त्याले.

नलू : बटनाईच्या आधीच हसले ते. बटनाईच्या खाली एक चौकोन असते ना गुळगुळीत? बोट फिरवलं का पडद्यावरचा बाण फिरते?

भीमराज : टचपॅड.

नलू : तेच. मी बोट फिरवलं, बाण हालेच ना. पुन्हा फिरवलं. जिथल्या तिथं. मॅनेजर म्हणे, बाई, हे बोट हाय का खराटा?

भीमराज : बोंडाच्या काट्यानं फाटले तुहे बोटं. वरची चामडी मेली. मेलेल्या चामडीले ते चौकोन वळखत नाई.

नलू : तुमाले माहीत होतं?

भीमराज : माह्या टायपिंगच्या क्लासमध्ये वावरातल्या पोरी येत, त्याईचं व्हायचं तसं. ओला फडका ठेवत होतो मी जवळ. बोट जरासं ओलं केलं का चालते.

नलू : मले नाई सांगतलं.

भीमराज : सुचलं नाई व. मंग? तिथंच थांबवलं तुले?

नलू : नाई. शाल्मली म्हणून पोरगी हाय तिथं. काट्यावर सध्या तीच बसते, लगन हाय म्हून सोडून राह्यली. तिनं आपल्या बोटानं बाण जागेवर नेला. म्हणे, आता टाका ताई. आधी तुमचं नाव, मंग गाव, मंग माल. पावतीवर असते तसं.

भीमराज : बटनाईवर मराठी अक्षरं होते?

नलू : नाई. नुसते ए बी सी डी. शाल्मली म्हणे, आमी पाहून नाई टाकत. म्या म्हटलं, मीबी नाई. अशी ताठ मानेनं म्हटलं. आन् डोळे मिटले. बटनाईवरच्या दोन बारक्या उंचवट्यावर दोन बोटं ठेवले, तुमी शिकवलं तसे. आन् अक्षराईच्या जागा ध्यानात राहाव्या म्हून रचलेली माही ओवी मनात म्हटली—

मधल्या बोटापाशी, र बाई राहतो,
काना वाट पाहतो, शेजाराले.

भीमराज : …मंग?

नलू : मंग काय. बोटं चालले. थांबलेच नाई. माह्या मनात आलं, आता हे आयकून राह्यले असते तं म्हटलं असतं, नलू, तुहा हात पाण्यावानी पडते.

भीमराज : कागद कसा निघाला?

नलू : नाव टाकलं होतं नलू. निघालं पनम.

भीमराज : पनम.

नलू : या पनमबाई. बसा पनमबाई. अरे, पनमबाईले पाणी पाजा कोणी. एक हमाल म्हणे, पनमबाई, तुमच्या गावात सगळे असेच बोलते का? खालची ओळ तं मॅनेजरले वाचताच येईना. तोंड वाकडं करून करून वाचली. म्हणे, हे तं भुताईच्या शाळेतलं मराठी हाय. हसू हसू त्याच्या डोळ्यात पाणी आलं बाप्पा.

भीमराज : जाऊ दे.

नलू : मीबी हसली. सगळे हसून राह्यलते, मी एकटीनं कसं रडावं?

भीमराज : जाऊ दे म्हणतो ना. लोकाईचे तोंडं ते. असे कागद मी दररोज फाडत होतो. दहावी शिकलेले पोरं सहा-सहा महिने बसत, तरी त्याईचे बोटं चुकत. तू तं भाकरी थापता थापता शिकली.

नलू : हो.

भीमराज : आपल्याले नाई पायजे ती नोकरी. तू वावरातली बाई. पऱ्हाटीच्या तासात तू चालतं ना, तवा तुह्यासारखं कोणी चालत नाई. तिथं खुर्चीवर बसवून ठेवलं असतं तुले, बुजगावण्यावानी. रोज संध्याकाळी बोटाईले एरंडेल लावून देत जाईन मी. आण वाटी. आत्ताच लावून देतो.

नलू : तुमी खुश झाले.

भीमराज : काय बोलतं?

नलू : सकाळी निघाली तवा तुमी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आता पाहा, कसे खळखळून बोलून राह्यले.

भीमराज : तुह्या दुःखात मी खुश होईन? डोळे गेले माहे, मन नाई गेलं.

नलू : खाटेखालचा कीबोर्ड काढा.

भीमराज : आता? कायले?

नलू : माही चूक पाहाची हाय मले. कुठं चुकली ते कळलं का जीव थंड होईन.

भीमराज : उद्या पाहू.

नलू : काढा ना. मी काढू? हा घ्या. ठेवा मांडीवर. सापडले उंचवटे?

भीमराज : मले नाई सापडणार तं कोणाले सापडतील? बारा गावचे पोरं शिकवले मी याच्यावर.

नलू : मंग माहं नाव टाका. नलू. हळूहळू नाई, टायपिंगमध्ये टाकत होते तसं. पटकन.

भीमराज : हे मेलेलं यंत्र हाय, नलू. वायर तुटलेली. काय उमटणार त्याच्यावर?

नलू : नाई उमटलं तं राहू द्या. मी बोटाईकडे पाहते.

भीमराज : घे. झालं?

नलू : पुन्हा.

भीमराज : घे.

नलू : न साठी कोणतं बोट उचललं तुमी?

भीमराज : …पहिलं.

नलू : उजवं पहिलं. वरच्या ओळीत. तुमच्या बोटाखाली जी चिकटपट्टी हाय, तिच्यावर काय लिहिलं हाय माहीत हाय का?

भीमराज : मले कसं दिसन?

नलू : ल लिहिला हाय. माह्या हातचा ल. न तं त्याच्या शेजारच्या घरात बसला हाय.

भीमराज : इतक्या दिसाची सवय मोडली माही. चुकलं असन बोट.

नलू : मंग भीमराज टाका. स्वतःचं नाव तं नाई चुकणार?

भीमराज : नलू, भूक लागली मले.

नलू : तोंड सांभाळता येते माणसाले. बोटं नाई सांभाळता येत.

भीमराज : काय म्हणाचं हाय तुले?

नलू : तुमच्या डोळ्याची पट्टी सुटली, दवाखान्यातून घरी आणलं तुमाले, ते चिकटपट्टीचं बंडल उरलं होतं. आठवते? मी त्याचे नखाएवढे तुकडे कापले. एकेकावर पेनानं अक्षर लिहिलं. तुमी म्हटलं, नलू, आता मीच तुहा टायपिंगचा मास्तर. किती दिसानं हसले होते तुमी. मी एकेक अक्षर वाचत होती, तुमी माहं बोट धरून एकेका बटनावर नेत होते. इथं र चिकटव. इथं काना. इथं स. आठवते?

भीमराज : आठवते.

नलू : मी एकदाबी विचारलं नाई, बरोबर हाय ना म्हून.

भीमराज : नवा नवा आंधळा झालतो मी. चूक झाली असन एखादी.

नलू : एखादी? एखादी झाली असती तं मी पाय धरले असते तुमचे. आंधळ्या माणसानं एवढं केलं म्हणून. सगळ्या कशा एकाच बाजूले चुकल्या? एक घर उजवीकडे. पहिल्यापासून शेवटलोक. शाल्मलीनं तो कागद हातात घेतला, माह्या बोटाईकडे पाहिलं, म्हणे, ताई, तुमची एकही चूक नाई. फक्त अख्खं गाव एक घर सरकलं हाय. कोणं शिकवलं तुमाले?

भीमराज : काय सांगतलं तू?

नलू : आधी काईच नाई. बाहेर गेली. रुईच्या गाठी रचल्या होत्या, त्याईच्या सावलीत बसली. गुडघ्यावर बोटं ठेवून पाहून राह्यलती. वाटलं, माहाच हात सरकला असन. घाबरली असन मी. पण उंचवटे तं बोटाखालीच होते जी. शेवटलोक होते. मंग मले ते दिवस दिसले. माहं बोट तुमच्या हातात. तुमी बटन चाचपत होते, बरोबर जागेवर थांबत होते. मंग एक श्वास घेत होते, आन् माहं बोट उचलून शेजारी ठेवत होते. मले वाटत होतं, मोजून राह्यले बिचारे.

भीमराज : …पाणी दे मले.

नलू : माठ तुमच्या डाव्या हाताले हाय. एक हात दूर.

भीमराज : मी सगळं उलटंपालटं करू शकत होतो. अक्षराचा पत्ता अक्षराले लागला नसता. नाई केलं मी तसं. एक घर फक्त.

नलू : काहून?

भीमराज : हात झाला नाई माहा.

नलू : म्हणजे नरडं नाई दाबलं, पाय मोडला फक्त.

भीमराज : एवढं कडू नको बोलू.

नलू : तिसरी ओवी कोणती होती माही?

भीमराज : नको.

नलू : म्हणा ना. तुमाले पाठ हाय.

भीमराज : पहिल्या बोटावर, म ची माडी बाई… 

नलू : खाली उतरत नाई, दिवसभर. ते ओवी म्हटली तवा तुमी शेल्यानं डोळे पुसले. मले वाटलं कौतुकानं.

भीमराज : कौतुकानंच पुसले. त्या माडीवर म राहतच नाई, मले माहीत होतं. पण तू त्याले असं घर बांधून दिलं, नलू. एवढी चांगली ओवी, मोडावीशी वाटली नाई.

नलू : ओवी मोडावीशी वाटली नाई. मी मोडली तं चालन.

भीमराज : तू वावरात असतं ना, तवा मी फोन लावतो. तू उचलतं. मागून संग वेचणाऱ्या बेबीताईचा आवाज येते, पाखरं ओरडते, तुह्या ओटीत कापूस पडते तेबी ऐकू येते मले. म्हणतं, धुऱ्यापाशी हाव. मले धुरा दिसते. म्हणतं, निंबाखाली भाकर खाऊन राह्यली. मले निंब दिसते. डोळे होते तवा ते वावर पाहून ठेवलं मी. तो काटा मी पाहिला नाई. ते खुर्ची पाहिली नाई. तिथं तू गेली असती तं मले दिसली नसती.

नलू : तासातासाले फोन. ओटी भरली असते, वाकलेली असते मी, हात रक्ताळलेले. तरी उचलते. एक दिवस नाई उचलला तं तुमी घरात भांडे फेकले.

भीमराज : भीती वाटते मले.

नलू : कायची?

भीमराज : टायपिंग तेवढं राह्यलं होतं माह्याजवळ. डोळ्याशिवायबी येत होतं ते एकच काम. तेबी तू माह्यापुढून उचलून घेऊन चालली होती, तेबी गाणं म्हणत. मी शिकवावं, आन् मीच मागं राहावं? तुले काय सांगू, तुहे बोटं माह्यापेक्षा जल्दी पडाले लागले होते. आवाजावरून समजत होतं मले.

नलू : मंग म्हणाचं होतं, नको जाऊ.

भीमराज : तू थांबली असती?

नलू : थांबली असती. तुमी म्हटलं असतं तं थांबली असती मी. आता ते नाई होणार.

भीमराज : असं? मोठी आली. मंग हेबी सांग सगळ्याईले. तुह्या बापाचं वावर होतं ते. गुलाबी अळी पडली म्हून तू रडली. टायपिंगचा सर पाठीवर पंप बांधून गेला, उलट्या वाऱ्यात फवारा मारला, आन् आंधळा होऊन आला. कोणासाठी? सांग त्या शाल्मलीले. सांग तुह्या मॅनेजरले.

नलू : सांगतलं.

भीमराज : काय?

नलू : शाल्मलीनं विचारलं कोणं शिकवलं, तवा तेच सांगतलं. म्हटलं, माह्या नवऱ्याचे डोळे माह्या बापाच्या वावरात गेले. शाल्मली म्हणे, अरे देवा, मंग त्याईची चूक नाई ताई. दोन साल तुमी हे माह्या आंगावर टाकून राह्यले, मी दोन साल वाकून राह्यली. आज गाठींच्या सावलीत उठून उभी राह्यली तं पाहते, पाठ सरळ होते माही.

भीमराज : नोकरी तं गेली ना. आता पाठ सरळ करून काय करतं? सकाळी वावरातच जाशीन.

नलू : नाई गेली.

भीमराज : काय नाई गेली?

नलू : नोकरी. तुमी विचारलं, कागद कसा निघाला. पहिला कसा निघाला तेवढंच सांगतलं मी.

भीमराज : नलू.

नलू : मॅनेजर डबा खाऊन राह्यलता. म्हटलं, साहेब, एक डाव अजून टाकू द्या. तो म्हणे, टाक, तेवढंच मनोरंजन. शाल्मलीनं ओल्या फडक्यानं माहं बोट पुसलं, बाण जागेवर नेला मीच. आन् मी उंचवटे सोडून दिले. दोन्ही हात एक घर डावीकडे ठेवले. ओवी तीच म्हटली. एक शब्द बदलला नाई.

भीमराज : तीच?

नलू : तीच. खोट्या जागेची. आन् कागदावर सगळं खरं उमटलं. नलू भीमराज. गावाचं नाव. कापूस, लांब धाग्याचा, ओला नाई. मॅनेजरनं पाहिलंबी नाई नीट. कोशिंबीर चावत म्हणे, एवढ्या पगारात दुसरं कोणी येत नाई, उद्या सकाळपासून ये.

भीमराज : …म्हणजे मी केलं ते काईच…

नलू : काईच नाई झालं त्यानं. एवढं वाईट केलं तुमी, आन् ते एका घराएवढंबी मोठं नाई निघालं.

बेबीताई : व नलू! जयभीम भाऊ. अव, खेमसिंगचा ऑटो हॉर्न मारू मारू थकला, तुह्या कानात काय कापूस घातला? पिशवी भरली का नाई?

भीमराज : कोणाची पिशवी? कुठचा ऑटो?

बेबीताई : घ्या! सांगतलं नाई का इनं? भाऊ, तुमची बायको आता खुर्चीवाली झाली. काट्यावर पायट उजाडताच गाड्या लागतात, इथून त्या टायमाले कोणतं साधन हाय? माही दीपा घाटंजीले राहते ना, तिच्याकडे झोपन हे. खोली लहान हाय, पण जीव मोठा हाय माह्या पोरीचा.

भीमराज : किती दिस?

नलू : हंगाम संपेलोक. इतवारी येत जाईन.

भीमराज : आन् मी?

बेबीताई : तुमचं मी पाहतो भाऊ. सकाळ-संध्याकाळ भाकर आणून देईन. माही भाकर जरा जाड असते, तोंड वाकडं कराचं नाई. चाळीस पोरं एका दमात गप बसवणारा सर तुमी, एका बाईच्या भाकरीले काय भेता?

भीमराज : बेबीताई, तुमी जरा बाहेर थांबा.

बेबीताई : थांबतो. पण नलू, रडूबिडू नको. खेमसिंग रडणाऱ्या सवारीचे दुप्पट घेते. चाल, मी पुढं होतो.

भीमराज : नलू. पाया पडतो तुह्या. मी उद्या बसतो तुह्यासंग, सगळ्या पट्ट्या काढू, नव्यानं लावू. बरोबर लावू.

नलू : राहू द्या. माह्या हातात बसलं ते आता. जलमभर एक घर डावीकडे हात ठेवीन मी. शाल्मली म्हणे, सगळे तुमाले हसतील ताई. म्हटलं, हसू दे.

भीमराज : फोन तं उचलशीन ना? दुपारी एकदाच लावीन. एकदाच.

नलू : तुमचा फोन द्या माह्याजवळ.

भीमराज : काहून?

नलू : काट्यावर कॅमेऱ्याचा फोन चालत नाई. पावत्याचे फोटो काढतात म्हून. तुमचा बटनाचा मी नेते. माहा तुमाले ठेवते, वणीच्या भावानं दिलेला.

भीमराज : तो काचेचा?

नलू : काचेचा.

भीमराज : त्याच्यावर बटनं नाई. माह्या फोनवर पाचावर उंचवटा हाय, तिथून मी सगळे आकडे मोजतो. काचेवर मी काय धरू? दुसरा घे ना व बाजारातून एखादा जुना. बटनाचा. घाटंजीत भेटते.

नलू : भेटते. माहीत हाय मले.

भीमराज : मंग?

नलू : धरा हात इकडे. हे पाहा, बाजूचं हे बटन दाबलं का आकडे पुढं येतात. तसंच ठेवलं मी. आन् काचेवर माही टिकली लावून दिली. सकाळचीच हाय, कपाळावरची. लागली बोटाले?

भीमराज : लागली. जरा ओली हाय.

नलू : घाम आलता तिथं. ते टिकली पाचावर हाय. दुसरी खाली, फोन लावाच्या बटनावर. तिथून मोजा, जसे पहिले मोजत होते.

भीमराज : वरती एक, दोन, तीन… टिकलीच्या शेजारी सहा. खाली आठ.

नलू : हो.

बेबीताई : नलू व! चाल आता, खेमसिंगनं गाडी फिरवली!

भीमराज : नलू, एक मिनिट. हे टिकली… पाचावरच लावली ना तू?

नलू : मी विचारलं होतं का तुमाले?